पाडवा शुभ नवीन

“पुसायचं नाही. ते सोडून काहीही सांग, बाळ,” वेल्हाळकाका म्हणाले आणि मी डिलीटचं बटण दाबू नये म्हणून त्यांनी आख्खा पंजाच कीबोर्डवर ठेवला. लॅपटॉप इतका मंद झाला होता, की त्यांनी हात उचलून पुन्हा मांडीवर घेतला तरी पडद्यावर काही हललं नाही. मग माझ्या नावापुढे, जन्मवेळेच्या रकान्यात, अक्षरांची एक लांबलचक रांग सावकाश उमटत गेली.

“बघ, काय करून ठेवलंस,” ते मला म्हणाले.

साताऱ्यात आमच्या ज्ञातीचं मंगल कार्यालय आहे. त्याच्या मागच्या बाजूला, भांड्यांच्या कोठीला लागून असलेल्या खोलीत वधू-वर सूचक मंडळ चालायचं. वेल्हाळकाका मंडळाचे चिटणीस. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ज्ञातीची सेवा हाती घेतली होती आणि ज्ञातीला ती त्यांच्या हातून सोडवून घेता येत नव्हती.

मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. लग्न मोडून आईकडे परत आले होते. त्या रविवारी मी मंडळात गेले ती एकाच कामासाठी. मला यादीतून माझं नाव काढून घ्यायचं होतं.

कारण सांगते. संध्याकाळी पान लावायच्या ऐन घाईत मला फोन यायचे.

“मुलीचे वडील का?”

“मुलगी बोलतेय.”

“असं? मग जरा मोठ्या माणसाकडे द्या.”

कुणाला मी घटस्फोटित म्हणून हवी असायचे, कुणाला प्रथम वधू म्हणून. ज्याच्या हाती जी यादी पडली असेल त्यावर ते ठरायचं. खरं काय ते सांगितलं की पलीकडचा माणूस मीच त्याला फसवायला निघाले होते अशा थाटात फोन ठेवायचा. एकाने तर आमच्या संपादकांना फोन करून विचारलं होतं, की तुमच्याकडची ही मुलगी नेमकी किती वेळा लग्नाची आहे. संपादकांनी ते मला सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांना तो विनोद वाटला होता.

“एक ओळ काढायला तुमचं काय जातं?” मी विचारलं.

“वृषाली, हे शुभकार्याचं ठिकाण आहे. इथे नाव चढतं, उतरत नाही. मंडळ स्थापन झालं तेव्हापासून एकही नाव आम्ही पुसलेलं नाही.”

“आणि ज्यांची लग्नं झाली ते?”

“त्यांच्यापुढे ‘जमले’ लिहितो.”

“जे वारले ते?”

“त्यांच्यापुढे काही लिहीत नाही,” काका समंजसपणे म्हणाले. “घरच्यांना वाईट वाटतं.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. पुढच्या रविवारी मेळावा होता. मेळाव्याचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि यादी उघडायलाच दुपार होत होती. “तुम्ही पेपरवाले, तुम्हाला यातलं सगळं येतं. एवढं यंत्र मला सरळ करून दे. मग तुझ्या नावाचं आपण बघू.”

‘बघू’ या शब्दाची किंमत मला माहीत होती. रोज पन्नास पुढारी तो शब्द आमच्या पानावर छापून घ्यायचे. पण आमच्या ऑफिसातली पान लावायची यंत्रं मीच पुन्हापुन्हा पुसून उभी करत असे. काम अवघड नव्हतं आणि दुसरा मार्गही दिसत नव्हता. मी लॅपटॉप उलटा केला. कीबोर्डमधून तांदूळ पडले.

“खंडेनवमीच्या अक्षता,” काका म्हणाले. “दर वर्षी पूजा करतो.”

पंख्याच्या जाळीत कुंकू भरलं होतं. पण मंदपणाचं खरं कारण ते नव्हतं. काका दर मुहूर्ताला यादीचा बॅकअप घेत आणि तो त्याच लॅपटॉपवर ठेवत.

“बॅकअप बाहेर ठेवायचा असतो, काका. हे बिघडलं की तोही गेला.”

“बाहेर ठेवला की हरवतो,” काका म्हणाले. “हा डोळ्यासमोर आहे.”

डोळ्यासमोर होतं ते असं: ‘पाडवा’. ‘पाडवा नवीन’. ‘दसरा शुभ’. ‘दसरा शुभ नवीन’. ‘अक्षय्यतृतीया’. ‘अक्षय्यतृतीया हा घ्या’. पुढे असेच बरेच. साल कुठेही नाही. एका बॅकअपच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, कारण प्रत्येक वेळी काका आधीच्या सगळ्यासकट नवीन प्रत काढत. पुसायचं नाही हा नियम इथेही चालू होता.

“यातला सगळ्यांत ताजा कुठला?”

“सगळेच नीट आहेत.”

“ताजा कुठला?”

“तारीख बघ ना. यंत्राला कळतं.”

तारीख पाहिली. सगळ्या याद्या मागच्या दसऱ्याला बदललेल्या दिसत होत्या. दसऱ्याला काका एकूण एक यादी उघडत, वर ‘श्री’ लिहीत आणि जतन करत. त्यांनी भक्तिभावाने सगळ्या वर्षांची तारीख एक करून टाकली होती.

आकाराने सर्वांत मोठी यादी ताजी असेल असं धरून ती उघडली. तिच्यात प्रत्येक नाव दोनदा होतं.

“शेवटचं नाव कुणाचं घातलंत? ते आठवतंय?”

“दसऱ्यापासून घातलंच नाही. चालतच नव्हतं ना हे.”

“त्याच्या आधीचं?”

“हजारभर पोरं आहेत, बाळ. मी काय नावं पाठ करू?”

मी माझ्या पिशवीतली हार्ड डिस्क काढून जोडली आणि सगळे बॅकअप तिच्यावर उतरवायला लावले. लॅपटॉप पूर्ण रिकामा करून कारखान्यातून आला तसा करायचा, मग ताजी यादी तेवढी परत ठेवायची, असं काकांना समजावलं. ते अस्वस्थ झाले.

“म्हणजे पुसणं नाही ना हे?”

“पहिल्यासारखं करणं.”

त्यांनी विचार केला. “म्हणजे शुद्धी. शुद्धी चालते.”

सगळं उतरलं. पडद्यावर प्रश्न आला: फाइली ठेवायच्या की सगळं काढायचं? मी ‘सगळं काढा’ निवडलं. काकांनी त्या वेळी भिंतीवरच्या कुलदैवताच्या फोटोकडे बघितलं, म्हणजे पुढे काही झालंच तर ते त्यांच्या नजरेआड झालेलं असावं.

यंत्र आपलं काम करत होतं तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. कोरेगावचे धोकटे. मुलासाठी स्थळं बघायला दर रविवारी यायचे. काकांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, “आपल्यातलीच आहे. मशीन दुरुस्त करतेय.” माझं नाव सांगायची त्यांना गरज वाटली नाही, मलाही नाही.

“मुलगा काय करतो?” मी विचारलं. सवय म्हणून.

“पतसंस्थेत आहे. शांत आहे.”

“वय?”

“चाळिशीत आत्ताच आलाय. दिसत नाही तेवढा.”

“अपेक्षा काय आहेत?”

“आमच्या फार नाहीत,” धोकटे म्हणाले. “मुलगी गोरी हवी, सडपातळ हवी, शिकलेली हवी. नोकरी असली तर उत्तम. पण लग्नानंतर सोडायची तयारी हवी. माझ्या मिसेसचे गुडघे दुखतात.”

“आणि फार असत्या तर काय असत्या?”

“काय म्हणालात?”

“काही नाही. चहा घ्या.”

लॅपटॉप नव्यासारखा चालू झाला. बटण दाबलं की लगेच हलू लागला. काकांना गहिवरून आलं. त्यांनी पडद्याला नमस्कार केला. आता ताजी यादी शोधायची राहिली होती. सगळ्या याद्यांत ज्याचा इतिहास मला तारीखवार ठाऊक आहे असं नाव एकच होतं. मी प्रत्येक यादी उघडून माझी ओळ काढायला लागले.

पहिल्या प्रतीत मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रथम वधू. अपेक्षेच्या रकान्यात: ‘उच्चशिक्षित, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, उंच, एकत्र कुटुंब नको.’ हे बाबांनी सांगितलेलं होतं. त्या वेळी ते होते आणि मी लाजून दाराबाहेर उभी होते, हे मला आठवत होतं.

दुसऱ्या एकीत मी ‘जमले’ होते आणि अपेक्षा तशीच राहिलेली होती.

मग मी घटस्फोटित झाले. ‘पदवीधर, सुसंस्कृत, मुलीला नोकरी चालू ठेवू देणारा.’

पुढच्या प्रतीत: ‘निर्व्यसनी. नोकरी असावी. बिजवर चालेल.’

आणखी पुढे: ‘स्वभावाने बरा.’

शिक्षण, नोकरी, पत्ता हे रकाने मागेपुढे झालेले होते. काकांनी कधी नव्या प्रतीत जुनं ठेवलं होतं, कधी जुन्यात नवीन घातलं होतं. अपेक्षेचा रकाना मात्र एकाच दिशेने जात होता. जितकी यादी ताजी तितकी अपेक्षा कमी. खात्रीसाठी मी माझ्या वरच्या-खालच्या मुलींच्या ओळी ताडून पाहिल्या. इंजिनिअरची सरकारी नोकरी झाली होती, सरकारी नोकरीची कुठलीही नोकरी. उलटा गेलेला एकही रकाना सापडला नाही. साल न लिहिणाऱ्या मंडळाने कालगणनेची सोय अशी आपोआप केली होती.

शेवटची प्रत ‘पाडवा शुभ नवीन’ या नावाची होती; पाडव्यानंतर काका तिच्यातच भर घालत असावेत. तिच्यात माझ्या नावापुढे लिहिलं होतं: ‘अट नाही.’

धोकटे केव्हा उठून माझ्या खुर्चीमागे आले ते मला कळलं नाही. चहाचा वास आला तेव्हा कळलं.

“ही कोण?” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “एम. ए., पत्रकार. घटस्फोटित आहे म्हणा. पण अट नाही लिहिलंय. हे बरं वाटतं वाचायला. मुलीकडच्यांनी असंच असावं.”

“तुमच्या मुलाचं पहिलंच लग्न ना पण?” काका म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही भुवया उडवल्या. मी खूश व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती.

“आता या वयात कोण बघतंय,” धोकटे उदारपणे म्हणाले. “अटच नाही म्हटल्यावर अर्धं काम झालं. बोलवून घ्या एकदा. वागायला कशी आहे ते बघू.”

मी काकांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

“हे कुणी लिहिलं?”

“काय?”

“अट नाही.”

“बाळ, रागावू नको. चांगलं स्थळ आहे. तूच बघितलंस, सालस माणूस आहे.”

“कुणी लिहिलं, काका?”

“मी टाइप करतो फक्त. अपेक्षा मी कशाला ठरवीन?” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तुझी आई येते. दर पाडव्याला. सकाळी गुढी उभारली की पहिली माझ्याकडे. ती सांगते, मी घालतो. तुला माहीत नाही होय?”

मला माहीत नव्हतं. आतापर्यंत काकांना काय वाटेल ते म्हणायची मोकळीक माझ्याकडे होती. ती त्यांनी एका वाक्यात काढून घेतली, आणि तीसुद्धा नकळत. मी आत गेले. लॅपटॉपवर अजून एकही यादी नव्हती. होत्या त्या सगळ्या माझ्या हार्ड डिस्कवर.

“यातली ताजी यादी कुठली ते मला कळलंय,” मी म्हणाले.

“वा! कुठली?”

“आधी माझं नाव काढा. सगळ्यांतून.”

“अगं, तुला सांगितलं ना, पुसणं आम्ही—”

“मग अंदाजाने एखादी घ्या. मागच्या वेळी जे लग्न होऊन अमेरिकेला गेले ते पुन्हा उपवर होतील. कुणाच्या वारलेल्या मुलाला स्थळं जातील. पुस्तकावर नाव तुमचं आहे.”

“सगळ्यांतून कशाला? एकीतून काढ आणि दे.”

“कारण उद्या तुम्ही कुठलीही उघडाल.”

“तूच काढ मग. मी तिकडे बघतो.”

“नाही. तुम्ही काढायचं.”

धोकटे काही न समजून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. काकांनी मंडळाच्या इभ्रतीचं सांगितलं, बाबांची आणि त्यांची ओळख सांगितली, मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली होती हे सांगितलं. मी हार्ड डिस्कची वायर काढून गुंडाळायला लागले. तेव्हा ते खुर्चीत बसले, वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि उजवा हात पाठीमागे घेतला.

“हे शुभ नाही. उजव्याने करणार नाही,” ते म्हणाले आणि डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी डिलीट दाबलं. प्रत्येक वेळी ओठांत कुलदैवताचं नाव. मी एकेक यादी पुढे करत होते, ओळ दाखवत होते, ती गेली की जतन करत होते आणि नाव शोधून पाहत होते. शेवटी कुठेच सापडेना तेव्हा मी ‘पाडवा शुभ नवीन’ लॅपटॉपवर उतरवली. बाकीच्या त्यांच्या समाधानासाठी एका पेन ड्राइव्हवर घालून दिल्या आणि माझी हार्ड डिस्क त्यांच्यासमोर कोरी केली.

“ती मघाचची कुठे गेली? अट नाहीवाली?” धोकटे पडदा शोधत म्हणाले.

“गेली,” मी म्हणाले.

काकांनी मला चहा विचारला नाही.

घरी चालत आले. वाटेत मी आईला काय म्हणायचं ते तयार करत होते. चांगली वाक्यं होती. नेमकी, लागतील अशी, एकही शब्द जास्त नाही. वेल्हाळ मूर्ख आहेत, धोकटे काय आहेत ते आहेत, पण तू कशी त्यांच्या रांगेत जाऊन बसलीस? मुलगी विकायला काढलेल्या जुन्या कपाटासारखी दर वर्षी भाव कमी करत कशी गेलीस? त्या वयात मला असं वाटायचं, की वाक्य नीट बसलं म्हणजे ते खरं असतं.

आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

“नाव काढलं,” मी म्हणाले.

“कुणाचं?”

“माझं. मंडळातल्या सगळ्या याद्यांतून. वेल्हाळकाकांनी स्वतः काढलं.”

“त्यांनी? आपल्या हाताने?”

“डाव्या.”

तिने भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“तू दर पाडव्याला जात होतीस.”

“हो,” आई म्हणाली. “तुझे बाबा गेल्यापासून. कुणीतरी जायला नको?”

“आणि अट नाही असं सांगून आलीस.”

ती वळली. हाताला पीठ होतं. “काय नाही?”

“अट. या मुलीची काही अट नाही, असं लिहिलंय तिथे तुझ्या नावावर.”

“मी असं कशाला सांगीन?” तिला खरंच कळत नव्हतं. “ते म्हणाले, वहिनी, यंदा अपेक्षा काय घालू. मी म्हटलं, इतकी वर्षं आम्हीच सांगितलं आणि काय झालं ते बघितलं. आता नाही सांगणार. वृषाला विचारून सांगते. तर म्हणाले, रकाना रिकामा राहिला की पुस्तकात बरं दिसत नाही. मग आपलं आपणच काहीतरी टाइप केलं. मी विचारलं, काय लिहिलंत. म्हणाले, तुम्ही सांगितलंत तेच.”

मी ओट्याला टेकले. तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही आता कामाचं राहिलं नव्हतं.

“मग विचारलं का नाहीस मला?”

“कधी विचारू? तू घरात येतेस ती असा चेहरा करून, की माणसाला मीठ मागायची चोरी.” तिने भाकरी उलटली. “रोज म्हणते, आज विचारीन. तू जेवतेस, ताट उचलतेस आणि पेपर वाचत बसतेस. स्वतःच छापलेला.”

यावर मला हसू आलं. तिला आलं नाही.

“आता सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“अट.”

“आता कशाला? नाव काढलं ना.”

“त्यांच्या पुस्तकासाठी विचारत नाहीये. मला नको कळायला?”

मी बोलायला लागले. अडखळत, मागेपुढे करत, एकही वाक्य धड नाही. पहिलं संपायच्या आत तिने अर्धवट भाजलेली भाकरी तव्यावरून उतरवली आणि गॅस बंद केला.